महापौर निवडायचा तर पेपर कोणता घ्यावा?

२०२५ ची न्यू यॉर्कची महापौरपदाची निवडणूक मी न्यू यॉर्क टाइम्स, न्यू यॉर्क पोस्ट, एनवाय-वन चॅनल आणि दोन छोट्या वेबसाइट यांच्या भरवशावर काढली. त्यात कशावर पैसे घालवण्यात अर्थ होता आणि कशावर नव्हता, ते लिहिते. मी मूळची डोंबिवलीची, आता क्वीन्समध्ये एल्महर्स्टला राहते, फार्मसीतून निवृत्त झालेय आणि इथली मतदार आहे. पेपर वाचायची खोड जुनी आहे, त्यामुळे तक्रारीही जरा जास्त असतील.

मुंबईकरांसाठी आधी एक खुलासा. आपल्याकडे महापौर नगरसेवक निवडतात आणि खऱ्या चाव्या आयुक्तांच्या कमरेला असतात. इथे महापौर थेट लोक निवडतात आणि पोलीस, शाळा, सगळं त्याच्या हाताखाली येतं. शिवाय भाडं ठरवणारं नऊ जणांचं एक मंडळ आहे, रेंट गाइडलाइन्स बोर्ड, त्याचे सगळे सभासद महापौरच नेमतो. शहरात रेंट-स्टॅबिलाइज्ड म्हणजे भाडेवाढीवर बंधन असलेली दहाएक लाख घरं आहेत. त्यातलं एक माझं. डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे असलेले झोहरान ममदानी म्हणत होते, भाडं गोठवतो. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की हे होण्यासारखं आहे की नुसतीच थाप. पेपर चांगला की वाईट याची माझी कसोटी हीच.

टाइम्सपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. बातमीदारीत तोड नाही. ममदानींचे मुख्य प्रतिस्पर्धी, राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो, यांचा सगळा इतिहास तिथे तारीखवार सापडतो. २०२१ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्या अहवालात अकरा स्त्रियांच्या लैंगिक छळाचा ठपका आला, कुओमोंनी तो नाकारला, तरी गव्हर्नरपद सोडावं लागलं. तेव्हा टाइम्सच्या अग्रलेखानेच त्यांना चालते व्हा म्हटलं होतं. बोर्डाने याआधी भाडं गोठवलं होतं का, तर हो, माजी महापौर डि ब्लासिओंच्या काळात तीनदा, २०१५, २०१६ आणि २०२० मध्ये. हेही टाइम्सच्याच जुन्या बातम्यांत मिळालं. पैसे वसूल.

मग आला १६ जूनचा अग्रलेख. ऑगस्ट २०२४ मध्ये याच संपादक मंडळाने जाहीर केलं होतं की यापुढे शहराच्या निवडणुकीत आम्ही कोणाला पाठिंबा देणार नाही. ठीक आहे, नका देऊ. पण प्राथमिक फेरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, आठवडा उरलेला असताना भलामोठा अग्रलेख लिहून सांगितलं की ममदानींना मतपत्रिकेवर कुठल्याच क्रमांकावर जागा देऊ नका. कुओमोंच्या नीतिमत्तेवर आमचे गंभीर आक्षेप आहेत, तरी शहराच्या भविष्यासाठी ते ममदानींपेक्षा बरे, असंही लिहिलं. मी तो सेव्हन ट्रेनमध्ये उभ्याने वाचला आणि पुन्हा वरून वाचला, कारण पहिल्या वाचनात वाटलं आपलंच काही सुटलं. पाठिंबा द्यायचा नाही, पण कोणाला पाडायचं ते सांगायचं! आमच्या आजीच्या भाषेत, मी नाही त्यातली, कडी लाव आतली. सरळ कुओमोंचं नाव घेतलं असतं तर मी जास्त मान दिला असता. भाडं गोठवलं की घरांची टंचाई वाढेल असंही त्यात होतं. मुद्दा वाद घालण्यासारखा आहे. पण हे आधी तीनदा झालंय आणि तेव्हा काय झालं, हे मला त्या लेखात मिळालं नाही, शोधून काढावं लागलं.

गंमत अशी की त्याच पेपरने पंधरा न्यू यॉर्करांचं एक पॅनल बसवलं होतं आणि त्यांची पहिली पसंती होती ब्रॅड लँडर यांना, शहराचे हिशेब पाहणाऱ्या तेव्हाच्या कंट्रोलरना. ते पान खरंच उपयोगी होतं. इथे प्राथमिक फेरीत पाच जणांना पसंतीक्रम देता येतो, आणि माझा दुसरा क्रमांक कोणाला द्यायचा ते मी त्या पॅनलवरून ठरवलं. म्हणजे अग्रलेख वगळून बाकी पेपर घेण्यासारखा.

जुलैत टाइम्सचा आणखी एक पराक्रम झाला. ममदानींनी २००९ मध्ये, शाळेत असताना, कोलंबिया विद्यापीठाच्या अर्जावर ‘आशियाई’ आणि ‘कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन’ अशा दोन्ही चौकटींत खूण केली होती, ही बातमी. जन्म कंपालाचा, आईवडील भारतीय वंशाचे, प्रवेशही मिळाला नव्हता. माहिती आली विद्यापीठातून हॅक करून चोरलेल्या डेटामधून. आमच्या मुलांचे अर्ज भरताना त्या चौकटींपुढे आम्हीही डोकं खाजवत बसायचो, त्यामुळे हा मुलगा काय विचार करत असेल ते मला पानभर बातमीशिवायही कळत होतं. माझ्या भाड्याबद्दल त्यात काही नव्हतं.

आता पैशाचं. मेमध्ये आणि जूनमध्ये माझ्या टपालपेटीत रोज गुळगुळीत कागदाची पत्रकं येत होती, कधी एका दिवशी दोन. खाली बारीक अक्षरात ‘फिक्स द सिटी’. कुओमोंच्या बाजूने पैसा ओतणारी ही सुपर पॅक, म्हणजे उमेदवारापासून वेगळी राहून त्याच्यासाठी हवा तेवढा खर्च करणारी संस्था, प्राथमिक फेरीतच तिने दोन कोटी डॉलरच्या वर खर्च केला. त्यातले ८३ लाख एकट्या मायकेल ब्लूमबर्ग यांचे. ब्लूमबर्ग म्हणजे स्वतःच्या नावाची वृत्तसंस्था असलेले माजी महापौर. २००८ मध्ये त्यांना तिसऱ्यांदा उभं राहता यावं म्हणून दोन कारकिर्दींची मर्यादा नगरपरिषदेकडून बदलून घेतली, तेव्हा टाइम्स, पोस्ट आणि डेली न्यूज, तिघांच्याही अग्रलेखांनी माना डोलावल्या होत्या. एरवी या तिघांचं एकमेकांशी हवामानावरही एकमत होत नाही. मी त्या काळात इथेच होते. लोक दोनदा सार्वमताने मर्यादा ठेवा म्हणाले होते, ते कोणाच्या लेखी नव्हतं. २००९ ला दहा कोटी डॉलरच्या घरात खर्च करून ब्लूमबर्ग जेमतेम पाच टक्क्यांनी निवडून आले. म्हणून पेपरवाले आणि पैसेवाले एका बाजूला बसले की मी पर्स सांभाळून बसते.

ममदानींची गोष्ट उलटी. इथे लहान देणगीवर शहर आठपट रक्कम घालतं, आणि खर्चाला मर्यादा असते. मार्चमध्येच त्यांनी व्हिडिओ काढून सांगितलं, बास, आता पैसे पाठवू नका. राजकारणी माणसाच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

पोस्टबद्दल काय लिहू! माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांचा पेपर, अलेक्झांडर हॅमिल्टनने १८०१ मध्ये काढलेला. मथळे लिहिणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. पण मत ठरवायला घेऊ नका. तिथे बातमी आणि शिव्या यांच्यात रेघ नाही. नोव्हेंबरमध्ये ममदानी जिंकले, त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ते हातात विळा-हातोडा घेऊन आणि वर ‘द रेड ॲपल’. कोपऱ्यावरच्या गुजराती भाईच्या दुकानात दुपारी एकही अंक शिल्लक नव्हता. भाई म्हणाला, बेन, सगळे ममदानीवालेच घेऊन गेले, फ्रेम करायला. एक गोष्ट मात्र पोस्टच्या बाजूने: तो तुम्हाला फसवत नाही. कोणाचा आहे ते पहिल्या पानावरच कळतं.

एनवाय-वन केबलच्या पैशात येतं आणि वादविवाद पाहायला उत्तम, बाकी वेळी हवामान. चार जूनचा पहिला वादविवाद मात्र एनबीसीवर झाला. महापौर झाल्यावर पहिला परदेश दौरा कुठे, असा प्रश्न आला. बऱ्याच जणांनी इस्रायल म्हटलं. ममदानी म्हणाले, मी न्यू यॉर्कमध्येच थांबेन. मग त्यावरच उलटतपासणी. मी सोफ्यावरून ओरडले, अरे बाबांनो, कचरा उचलणार का ते विचारा ना.

सगळ्यात जास्त समाधान दिलं द सिटी या ना-नफा वेबसाइटने. फुकट आहे, मी तरी वर्षाला थोडे पाठवते. ऑगस्टमध्ये तत्कालीन महापौर एरिक ॲडम्स यांच्या एका माजी सल्लागारबाईंनी यांच्या बातमीदाराला हार्लेममध्ये बटाटा चिप्सचं पाकीट दिलं, अर्धवट उघडलेलं, तोंड चुरगळून बंद केलेलं. आत चिप्सबरोबर लाल लिफाफा, लिफाफ्यात नोटा. बातमीदाराने पैसे परत करायचा प्रयत्न केला आणि संस्थेने सगळं छापलं. चिप्स कांदा-सावर क्रीमचे होते, हेही छापलं. बातमीदारी म्हणतात ती ही. हेल गेट ही दुसरी, पत्रकारांच्या स्वतःच्या मालकीची. भाषा टवाळ, माझ्या वयाला थोडी जास्तच, पण कष्ट दिसतात. वर्गणी भरली, पुन्हा भरेन.

आणि एक वस्तू जिची कोणी जाहिरातच करत नाही: शहराच्या कॅम्पेन फायनान्स बोर्डाची मतदार मार्गदर्शिका. नोंदणीकृत मतदारांच्या घरी टपालाने येते, फुकट. स्वस्त कागद, उमेदवाराचा फोटो, त्याने स्वतः लिहिलेलं म्हणणं, आणि पसंतीक्रम कसा भरायचा त्याचं चित्र. इंग्रजी सोडून इतर भाषांतही निघते, त्यात बंगाली आहे, त्यामुळे शेजारच्या सिल्हेटच्या आजींनी आणि मी ती शेजारी-शेजारी बसून वाचली. पसंतीक्रम समजावणारा ममदानींचा आंब्याच्या लस्सीचे पेले मांडलेला हिंदी-उर्दू व्हिडिओही त्यांनी मला दाखवला. समजावण्यात तो मार्गदर्शिकेपेक्षा सरस होता, हे मान्य करायला हवं.

२४ जूनला पारा शंभर फॅरनहाइटच्या आसपास होता. मी आणि त्या आजी छत्र्या घेऊन मतदानाला गेलो. फेब्रुवारीच्या एका चाचणीत ममदानींना एक टक्का होता. प्राथमिक फेरीची शेवटची मोजणी झाली तेव्हा ममदानींना ५६ टक्के, कुओमोंना ४४. नोव्हेंबरमध्ये कुओमो अपक्ष म्हणून परत आले, आदल्या दिवशी ट्रम्प यांनीही त्यांना पाठिंबा दिला, तरी ममदानी पन्नास टक्क्यांच्या वर गेले. वीस लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं, १९६९ नंतर पहिल्यांदाच एवढं. डेमोक्रॅटिक पक्षातले बडे शेवटच्या बसला चढले: गव्हर्नर होकल सप्टेंबरात, प्रतिनिधीगृहातले नेते हकीम जेफ्रीज ऑक्टोबरच्या अखेरीस आणि सिनेटमधले चक शूमर चढलेच नाहीत. होकलबाईंनी पाठिंबा जाहीर केला तो टाइम्समध्येच लेख लिहून, त्यामुळे माझी टाइम्सची वर्गणी आणखी एकदा वसूल झाली म्हणायची. ती चालूच ठेवलीय. अग्रलेखाचं पान मात्र आता सगळ्यात शेवटी उघडते.

जाता जाता न्यू जर्सीच्या मराठी मंडळींना. एडिसनच्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा महिने ममदानींवरच फॉरवर्ड येत होते, पोस्टचे मथळे आणि दिल्लीच्या चॅनलांच्या क्लिपा. तुम्हाला इथे मत नाही. त्याच चार नोव्हेंबरला तुमच्याकडे गव्हर्नरची निवडणूक होती, मिकी शेरिल निवडून आल्या, त्यावर ग्रुपवर एक मेसेज नव्हता. तुमचा स्टार-लेजर हा पेपर फेब्रुवारी २०२५ पासून छापायचा बंद झालाय, हेही वसंतरावांना मी सांगितलं तेव्हा कळलं. ऑनलाइन निघतो तो अजून. आधी त्याची वर्गणी भरा.