छत्री, केबल की फायबर? कमी वीज कशात

डीटीएचचा रिचार्ज संपत आला की हल्ली घरोघरी एकच वाद रंगतो. पोरं म्हणतात, सगळं ओटीटीवर मिळतं, छत्री काढून टाका. आजींना मात्र मालिका ठरल्या वेळेला, रिमोटची दोन बटणं दाबून लागलीच पाहिजे. त्यात कुणीतरी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकतं की स्ट्रीमिंगमुळे पर्यावरणाची वाट लागते आहे. पैशांचा हिशेब ज्याचा तो करतोच. इथे वीज, कार्बन आणि भंगार या तीनच गोष्टी तोलून बघू.

आधी त्या फॉरवर्डचा निकाल लावू. २०१९मध्ये शिफ्ट प्रोजेक्ट या फ्रेंच संस्थेच्या हवाल्याने एक आकडा जगभर फिरला: अर्धा तास ऑनलाइन व्हिडिओ म्हणजे १.६ किलो कार्बन डायऑक्साइड, जवळपास सहा किलोमीटर मोटार चालवल्याइतका. पुढे कळलं की त्या गणितात बिट आणि बाइटची गल्लत होती. म्हणजे आकडा तिथेच आठपट फुगला होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२०मध्ये पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा तासाभराच्या स्ट्रीमिंगला जागतिक सरासरी सुमारे ३६ ग्रॅम आली. कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने २०२१मध्ये युरोपसाठी तासाला ५५ ग्रॅम धरले आणि त्यातला निम्म्याहून जास्त वाटा प्रेक्षकाच्या घरातल्या उपकरणाचा निघाला. डेटा सेंटरचा वाटा अगदीच किरकोळ.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, युरोपच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. कोयनेची जलविद्युत असली तरी आपली बरीचशी भिस्त चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या कोळशावरच आहे. त्यामुळे घरात वाचवलेलं युनिट आपल्याकडे जास्त मोलाचं ठरतं.

खरा खादाड कोण

बीबीसीच्या संशोधन विभागाने २०२०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्याच वाहिन्यांचा २०१६चा वीजवापर माध्यमवार मोजला होता, प्रक्षेपणापासून थेट प्रेक्षकाच्या दिवाणखान्यापर्यंत. अँटेनावरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीला तासाला सुमारे ०.०७ युनिट लागत होते. उपग्रह, केबल आणि इंटरनेट हे तिन्ही मात्र ०.१७-०.१८च्या आसपास, जवळजवळ बरोबरीत. अँटेना एवढी स्वस्त का पडली? मुख्य कारण साधं आहे. अँटेनाची वायर थेट टीव्हीत जाते, मध्ये बॉक्स नसतो.

तुमच्या सेट-टॉप बॉक्सच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरांत '१२ व्होल्ट, १ अँपिअर' असं काहीतरी छापलेलं असेल. गुणाकार केला की १२ वॉट. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात साधा बॉक्स ८ ते १० वॉट घेतो, रेकॉर्डिंगवाला त्याहून जास्त. खरी मेख पुढे आहे. रिमोटने बंद केल्यावर लाल दिवा लागतो खरा, पण बऱ्याच बॉक्सांत आतला सगळा कारभार चालूच राहतो आणि छतावरच्या एलएनबीलाही (छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या यंत्राला) वीज जात राहते. सकाळी उठल्याबरोबर, रात्रभर 'बंद' असलेल्या बॉक्सवर हात ठेवून पाहा. कोमट लागला तर समजा, तो झोपलेलाच नाही.

आता हिशेब. ४३ इंची एलईडी टीव्ही साधारण ६० वॉटचा धरा आणि दिवसाला चार तास. वर्षाचे झाले ८८ युनिट. दहा वॉटचा बॉक्स चोवीस तास चालू धरा. त्याचेही वर्षाला ८८ युनिट! ज्याच्याकडे तुम्ही बघत बसता तो टीव्ही आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही तो डबा, दोघांची खादाडी सारखीच. भिंतीवरचा खटका बंद करायची सवय लावली की बॉक्सचे ८८चे १५ होतात. वर्षाला ७३ युनिट, म्हणजे सुमारे ५० किलो कार्बन वाचला. युनिटला दहा रुपये धरले तर सातशेवर रुपये.

आणि हा बॉक्स डीटीएचचा आहे की केबलचा, याने काडीचा फरक पडत नाही.

फ्री डिश

अँटेनाचा मार्ग आपल्याकडे जवळजवळ संपला. दूरदर्शनने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२पर्यंत, मोजकी सोडून, बंद केली. सिंहगडावरचा मनोरा पुणेकरांना टीव्ही दाखवायचा ते दिवस गेले. दूरदर्शनचंच फ्री डिश मात्र २००४पासून चालू आहे आणि चार कोटींहून जास्त घरांत पोहोचलं आहे. महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की झालं.

विजेच्या दृष्टीने फ्री डिश आणि पैसेवाला डीटीएच यांत फरक नाही, जोवर दोन्हीकडे बॉक्स आहे तोवर. फरक पडतो तो टीव्हीतच उपग्रह ट्यूनर असेल तर. अलीकडच्या अनेक टीव्हींच्या मागे एलएनबीची वायर लावायला जागा असते. सेटिंगमध्ये उपग्रह निवडून शोध घेतला की फ्री डिशच्या खुल्या वाहिन्या थेट टीव्हीवर लागतात. दुसरा रिमोट नको, रात्रभर कोमट राहणारा डबा नको. बीबीसीच्या अभ्यासात अँटेनाला जो फायदा मिळाला तोच हा. टीव्ही बंद केला की एलएनबीची वीजही गेली. नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर दुकानदाराला आवाजावर चालणाऱ्या रिमोटबद्दल विचारण्याआधी हे विचारा.

अडचणीही आहेत. सह्याद्री हक्काची, पण खासगी मराठी वाहिन्या लिलावात जागा घेतात तशा येतात आणि जातात. आज दिसणारी मालिका पुढच्या वर्षी दिसेलच असं नाही. शिवाय काही वाहिन्या फक्त फ्री डिशच्या स्वतःच्या नव्या बॉक्सवरच लागतात. आग्नेय दिशेला मोकळं आकाश लागतं, समोर दहा मजली इमारत उभी राहिली की खेळ खलास. आणि कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको, पाऊस कोसळायला लागला की उपग्रहाचा सिग्नल सगळ्यांचाच जातो, फुकटवाल्यांचाही आणि पैसेवाल्यांचाही.

केबल

केबलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. घरात बॉक्स आहेच, वर गल्लीतल्या खांबांवरचे अ‍ॅम्प्लिफायर चोवीस तास वीज घेतात. ज्यांचा केबलवालाच इंटरनेटही देतो त्यांच्या घरी तर बॉक्स आणि राउटर दोन्ही जागे. केबल ठेवायची तर वाहिन्यांसाठी ठेवा, पर्यावरणासाठी नको.

फायबर आणि ओटीटी

इथे प्रश्न जरा फिरवून विचारावा लागतो: इंटरनेट घरात आधीपासून आहे का?

असेल तर राउटर तसाही चोवीस तास जळतो आहे. दहा वॉट म्हणजे पुन्हा तेच वर्षाचे ८८ युनिट, पण ते तुमच्या ऑफिसच्या कामाचे, मुलांच्या क्लासचे, दारावरच्या कॅमेऱ्याचेही आहेत. टीव्ही त्याच राउटरवर पाहिला तर घरातली जास्तीची वीज नगण्य. अशा घरात डीटीएचचा बॉक्स काढून टाकणं हाच हिरवा पर्याय. दोन्ही ठेवून अधूनमधून दोन्ही पाहणं, जे आज निम्म्याहून जास्त शहरी ओळखीपाळखीत दिसतं, ते सगळ्यात वाईट.

इंटरनेट नसेल आणि फक्त टीव्हीसाठी फायबर घ्यायचं मनात असेल तर थांबा. एका डब्याऐवजी दुसरा डबा येईल, शिवाय बाहेरच्या जाळ्याचा भार वेगळा.

'डेटा वाचवा, वीज वाचवा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो अर्धाच खरा आहे. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की साध्या दर्जाला तासाला १ जीबीपर्यंत, एचडीला ३ आणि फोरकेला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. पण डेटा सातपट म्हणून वीज सातपट असं होत नाही. फायबरचं जाळं आणि तुमचा राउटर काहीही पाहिलं नाही तरी जवळपास तेवढीच वीज घेतात. दर्जा उतरवल्याचा फायदा होतो तो गर्दीच्या वेळी: सगळ्यांची मागणी चढली की कंपन्यांना जाळं वाढवावं लागतं, नवी यंत्रं बसवावी लागतात. मार्च २०२०च्या लॉकडाउनमध्ये भारतातल्या ओटीटी कंपन्यांनी मोबाइलवरचा दर्जा काही काळ ४८०पीवर आणला होता, तो जाळं कोलमडू नये म्हणून.

फोरके पाहण्यात वीज जास्त जाते ती बहुतेक टीव्हीतच. फोरकेसाठी म्हणून घेतलेला ६५ इंची टीव्ही ४३ इंचीच्या दुप्पट-तिप्पट वॉट खातो. दुकानात सगळे टीव्ही 'व्हिव्हिड'वर झगमगत ठेवलेले असतात. घरी आणल्यावर तेच सेटिंग राहू दिलं तर खोली उजळते आणि बिलही. बीईईच्या (सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या) तारांकित लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात. तारे मोजण्याआधी तो आकडा बघा, कारण मोठ्या टीव्हीला जास्त तारे असूनही तो लहान टीव्हीपेक्षा जास्त खाऊ शकतो.

मोबाइल

फोनचा पडदा चालायला दोन-तीन वॉट पुरतात, म्हणून एकट्याने वायफायवर फोनवर पाहिलं तर याच्याइतकं हलकं काही नाही. मोबाइल डेटावर मात्र चित्र बदलतं. प्रत्येक जीबीमागे टॉवरच्या जाळ्याला फायबरपेक्षा बरीच जास्त वीज लागते, आणि जिथे वीज सारखी जाते तिथे टॉवरखाली डिझेल जनरेटर धडधडत असतो. लोकल किंवा एसटीच्या प्रवासात बघायचं ते आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्या. सहा इंची पडद्यावर ४८०पी आणि १०८०पीमधला फरक गर्दीत उभ्याने बघताना कुणालाच कळत नाही. एक फोन चौघांनी वाकून बघण्यापेक्षा चौघांनी टीव्ही बघितला तर बरं, पण चार फोनांवर चार वेगवेगळ्या रील्स हा आजचा नमुना असेल तर तो वेगळाच विषय आहे.

सामन्याच्या दिवशी

१९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. एवढ्या सगळ्यांना वेगवेगळा प्रवाह पाठवावा लागतो. उपग्रहाचं तसं नाही. एका घरात टीव्ही लागला काय आणि चार कोटींत लागला काय, वर तेवढीच वीज. थेट क्रिकेट, निवडणुकीचे निकाल, बातम्या, सगळ्यांनी एकाच वेळी बघायच्या या गोष्टी प्रक्षेपणावरच हलक्या पडतात. ज्याने त्याने आपापल्या वेळेला बघायच्या मालिका आणि सिनेमे इंटरनेटवर ठीक.

आणि एक सवय सांगतो, मराठी घरांत फार दिसते. सकाळी टीव्हीवर यूट्यूब लावून भूपाळ्या आणि अभंग. पडद्याकडे कुणी बघत नसतं, सगळे आंघोळी आणि डब्यांच्या गडबडीत. बीबीसीने रेडिओच्या श्रोत्यांचाही असाच हिशेब केला होता, त्यात टीव्हीवरून रेडिओ ऐकणं सगळ्यात महाग पडलं. छोट्या स्पीकरवर फोनवरून लावा, नाहीतर सरळ आकाशवाणी.

जुन्या डब्यांचं काय

२०१२मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुणे-नागपूर-नाशकात केबल डिजिटल झाली, तेव्हापासून प्रत्येक घराने किमान एक बॉक्स पाहिला आहे. कंपनी बदलली की जुना बॉक्स निरुपयोगी होतो. कोणताही बॉक्स कोणत्याही कंपनीला चालावा अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२०मध्ये केली, पण आजही कपाटाच्या वरच्या खणात दोन-तीन बॉक्स धूळ खात असतात. भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, तेव्हा नोंदणीकृत संकलन केंद्रात द्या. बॉक्स कंपनीच्या मालकीचा असेल तर परत मागवायला सांगा.

छत्री मात्र फेकू नका. फ्री डिशकडे जायचं असेल तर बहुधा तीच छत्री फिरवून बसवता येते.

मग घ्यायचं काय

घरात फायबर असेल आणि मालिका ओटीटीवरच बघत असाल, तर डीटीएच बंद करा. आजी-आजोबांसाठी बातम्या आणि सह्याद्री हवी असेल तर टीव्हीतल्या ट्यूनरला फ्री डिश जोडा. ट्यूनर नसेल तर बॉक्स खटक्यावर ठेवा. फायबर नसेल तर डीटीएच किंवा फ्री डिशच बरी. आणि भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्याला फोन आणि वायफाय पुरे, टीव्ही घेऊच नका.

खटका बंद करण्याला बॉक्सवाल्यांचा एक आक्षेप असतो, तो खराही आहे: चालू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि रात्रीचं रेकॉर्डिंग होत नाही. सकाळ-संध्याकाळ दोनदाच सुरू करायचा असेल तर एवढं थांबणं परवडतं.

टीव्ही जुना असेल आणि स्मार्ट नसेल, तर तेवढ्यासाठी नवा घेऊ नका. मोठा पॅनेल बनवतानाच बराच कार्बन जातो. टीव्हीच्या एचडीएमआयला लावायची, ओटीटी दाखवणारी एक स्टिक लावा आणि तिला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून द्या, म्हणजे बहुतेक टीव्हींवर टीव्ही बंद केला की तीही बंद. काही स्टिकना ती वीज पुरत नाही, पडद्यावर तशी सूचना येते. मग तिचा अ‍ॅडॉप्टर टीव्हीच्याच एक्स्टेंशन बोर्डावर लावा आणि रात्री तो एकच खटका बंद करा. राउटर त्या बोर्डावर लावू नका, नाहीतर घरातला लँडलाइन आणि कॅमेराही बंद पडेल.