रायचं मर्मेड इन: समुद्र लांब गेला म्हणून वाचलेला पब

इंग्लंडमध्ये जुन्या पबच्या दारावर हमखास एक साल लिहिलेलं असतं आणि त्या सालावर माझा आता पटकन विश्वास बसत नाही. मागे एका गावात (नाव सांगत नाही) अशाच एका सालाला भुलून आत गेलो, तर तुळया पोकळ, टकटक केलं की प्लायवूड वाजतंय, आणि भिंतीवरचा सगळा इतिहास फ्लेक्सवर छापलेला. वाईट वाटलं खूप. त्यामुळे ईस्ट ससेक्समधल्या राय या छोट्या गावात मर्मेड स्ट्रीटचा दगडगोट्यांचा चढ चढून वर गेलो आणि मर्मेड इनची (इन म्हणजे मुक्कामाची सोय असलेला पब) पाटी बघितली तेव्हा मी पहिल्यांदा शब्द वाचला, साल नंतर. पाटीवर 'स्थापना' नाहीये, १४२० साली 'पुन्हा बांधलं' असं लिहिलंय. मला तिथेच हा पब आवडला.

पुन्हा का बांधावं लागलं? तर १३७७ मध्ये फ्रेंच सैनिक इंग्लिश खाडीपलीकडून आले आणि त्यांनी राय जाळलं. सगळं लाकडी गाव, काय उरणार? जाताना चर्चच्या घंटासुद्धा घेऊन गेले. पुढच्याच वर्षी राय आणि शेजारच्या विंचेल्सीची माणसं नॉर्मंडीत जाऊन त्या घंटा परत घेऊन आली, ही गोष्ट गावात आजही अभिमानाने सांगतात. आग लागली की लाकूड जातं, दगड राहतो, म्हणून या पबची तळघरं वरच्या इमारतीपेक्षा जुनी आहेत, दगडी कमानींची. पबवाले त्यांचं साल ११५६ सांगतात.

आता आतलं सांगतो. बारच्या खोलीत एक चूल आहे, म्हणजे फायरप्लेस, पण आपण फोटोत बघतो तसली नाही, हिच्यात माणूस सहज आत जाऊन उभा राहील एवढी मोठी, आणि वर आडवी टाकलेली प्रचंड तुळई. हिवाळ्याची दुपार होती, ओंडके पेटलेले होते, मी त्या तुळईला हात लावून बराच वेळ उभा होतो. लाकूड कोरडं, धुराने काळं, मध्ये बोट जाईल एवढ्या रुंद, लांबच लांब भेगा. या भेगा म्हणजे खराबी नव्हे हं. त्या काळी ओक ओला असतानाच कापून घर उभं करायचे, कारण वाळलेला ओक इतका कडक होतो की हत्यार चालत नाही. मग लाकूड जागेवरच वर्षानुवर्षं वाळत जातं, आक्रसतं, पीळ खातं, आणि तसतसे सांधे आणखी घट्ट होतात, लोखंडी खिळे नाहीत, ओकच्याच खुंट्या ठोकायच्या. म्हणून वरच्या मजल्यावर जमीन एका बाजूला उतरते आणि दाराच्या चौकटी तिरक्या दिसतात. तुळयांच्या मधल्या भिंती म्हणजे चक्क कुडाच्या, काटक्या विणून वर माती लिंपलेली! तुळया जुन्या जहाजांच्या आहेत असंही सांगतात. ते इंग्लंडमधले निम्मे पब सांगतात, मी ते सोडून देतो, त्याशिवायही ही लाकडं बघण्यासारखी आहेत.

चुलीच्या धुराड्यात वर एक लपायची जागा आहे. पहिल्या एलिझाबेथच्या काळात कॅथलिक पाद्र्यांना पकडलं तर जिवावर बेतायचं, तेव्हा बऱ्याच कॅथलिक घरांत अशा जागा करून ठेवलेल्या असायच्या. आणि वर राहायच्या एका खोलीत पुस्तकांचं कपाट सरकवलं की मागून खाली बारकडे येणारा चोरजिना आहे.

पण या पबचं नाव झालं ते स्मगलर्समुळे. १७३० आणि ४० च्या दशकांत हॉकहर्स्ट गँग इथे उघडउघड बसायची, भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून, आणि कोणाची त्यांना हटकायची हिंमत नव्हती. माल काय, तर ब्रँडी, लेस आणि सगळ्यात जास्त चहा. चहावर कर इतका होता की कर चुकवून आणलेला चहा विकत घेणं गावातल्या सभ्य माणसांनाही परवडायचं, म्हणजे टोळीला सगळं गाव घाबरायचं हे खरं, पण गिऱ्हाईकही गावच होतं. १७४७ मध्ये गाउडहर्स्ट नावाच्या गावातल्या लोकांनी एकत्र येऊन त्यांना पळवून लावलं, त्याच वर्षी टोळीने पूल नावाच्या बंदरातल्या कस्टम हाउसवर धाड घालून जप्त झालेला चहा परत पळवला, आणि मग सरकार हात धुऊन मागे लागलं. म्होरक्यांपैकी थॉमस किंग्जमिलला १७४९ मध्ये फाशी झाली. १७८४ मध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारावर आणला तेव्हा चहाच्या चोरट्या धंद्यातली कमाईच संपली. पबमध्ये या लोकांना रंगीत हिरो करून सांगतात ते मला पटत नाही, त्यांनी माणसं हाल करून मारलीयेत, पण कराचं गणित कळल्यावर ती पिस्तुलं टेबलावर का होती ते कळतं.

आणि माझ्या मते खरी गोष्ट याच्यापेक्षा वेगळीच आहे, समुद्राची. १२८७ च्या वादळात जुनं विंचेल्सी बुडालं, नदीचा प्रवाह बदलून रायकडे आला आणि बंदर भरभराटीला आलं. नंतर हळूहळू गाळ साचत गेला, आज समुद्र तीनेक किलोमीटर लांब आहे. बंदर गेलं तसा पैसा गेला, आणि पैसा नाही म्हणून जुनी घरं पाडून नवीन बांधायला कोणाला जमलं नाही. श्रीमंत गावांमध्ये अशा इमारती कधीच गेल्या. मर्मेडचं पण मधला बराच काळ इन म्हणून काम बंदच होतं. १९१३ मध्ये मे ऑल्डिंग्टन या बाईंनी (कवी रिचर्ड ऑल्डिंग्टनच्या आई) ते घेऊन क्लब म्हणून चालवलं, दुसऱ्या महायुद्धात कॅनडाचे अधिकारी इथे राहिले, त्यानंतर परत हॉटेल आणि बार. या बाईंचं नाव पिस्तुलवाल्यांपेक्षा आधी घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कामाचं: राहायचं नसलं तरी बारमध्ये बसता येतं. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची, टेबलावर कोणी येईल म्हणून वाट बघू नका. पिंट म्हणजे ५६८ मिली, जास्त वाटली तर हाफ मागा, बिनधास्त देतात. हँडपंपाने काढलेली एल (इथली पारंपरिक बिअर) ही फ्रीजसारखी गार नसते, तळघराच्या तापमानाची असते, १२ डिग्रीच्या आसपास, आणि पहिल्या घोटाला विचित्र वाटली तरी थांबा, थोड्या वेळाने माल्टची चव उघडते. लंडनहून यायचं तर सेंट पँक्रसवरून ॲशफर्डची फास्ट ट्रेन, तिथे बदलून छोटी डिझेल गाडी, दिवसात जाऊन येणं आरामात होतं. बूट चांगल्या ग्रिपचे घाला, पाऊस पडला की मर्मेड स्ट्रीटचे गोटे फार निसरडे होतात. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस घ्या, शनिवारी चुलीजवळची जागा मिळणं कठीण.

बाहेर पडलात की उतारावरच्या घरांच्या पाट्या वाचत खाली या, एका घराचं नाव 'समोरचं घर' आहे आणि एकाचं 'दोन पुढच्या दारांचं घर'. आणि मागे वळून एकदा पबच्या वेलींनी झाकलेल्या दर्शनी भिंतीकडे बघा, संध्याकाळी खिडक्यांत दिवे लागले की तिरक्या चौकटी जास्तच तिरक्या दिसतात.