ब्रॅड नेलर आणि फेविकॉल : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घरातल्या छोट्या सुतारकामाला ब्रॅड नेलर, म्हणजे बारीक खिळे (पिना) ठोकणारी गन, घ्यावा का, तर बिनधास्त घ्या, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवून घ्या की जोड धरतो तो फेविकॉल. खिळ्याचं काम फेविकॉल सुकेपर्यंतचंच.

माझ्याकडे आहे ती हवेवर चालणारी, दुकानात जिला एफ-३० गन म्हणतात ती, १८ गेजच्या पिना (गेजचा आकडा जितका मोठा तितकी पिन बारीक), जास्तीत जास्त ३० एमएम लांबीच्या. सोबत गनला दाबाची हवा पुरवणारा छोटा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर. नेरूळला वन बीएचके, कामाची जागा म्हणजे बाल्कनी, त्यामुळे शिकंजे (क्लॅम्प) लावून चार-चार तुकडे रात्रभर पसरून ठेवणं शक्यच नाही आणि खरं सांगायचं तर नेलर घ्यायचं माझं कारण हेच होतं. ड्रॉवरच्या १२ एमएम प्लायच्या दोन फळ्यांना फेविकॉल लावून एकमेकींवर टेकवल्या की त्या सरकतात, हाताने कितीही दाबा, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावेपर्यंत एक कोपरा हललेला असतो. इथे दोन्ही टोकांना एकेक पिन मारली की विषय संपला, फळी जागची हलत नाही, मग गुण्या लावून कोन बघायचा आणि मधल्या पिना मारायच्या. ड्रॉवरचा आख्खा डबा चहा गार व्हायच्या आत उभा राहतो.

आता मजबुतीचं. जूनच्या आधी मी मुद्दाम उरलेल्या प्लायचे दोन जोड करून ठेवले होते, एक फक्त पिनांचा, दुसरा पिना आणि फेविकॉल. दोन्ही बाल्कनीतच राहिले, आपल्याकडची ती दमट हवा खात. पाऊस संपल्यावर पिनांचा जोड हाताने मागेपुढे हलवला तर सरळ उपसून आला, पिना गुळगुळीत आणि बारीक, त्यांना पकड अशी नसतेच. दुसरा हातोडीने तोडावा लागला आणि तुटला तेव्हा जोड जसाच्या तसा, प्लायचाच एक थर सोलून निघाला होता! हे बघितल्यापासून नुसत्या पिनांवर मी फोटो फ्रेमसुद्धा करत नाही.

पिन सरळ जाणं हा मोठा विषय आहे. प्लायच्या कडेत मारताना पिन थरांमधून वाट काढत वाकते आणि कधी फळीच्या बाजूने टोक बाहेर येतं. पिनेचं टोक पटाशीसारखं चपटं असतं, त्यामुळे ती गनच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला वळते. म्हणून गन अशी धरायची की गनमधली पिनांची पट्टी फळीच्या कडेला काटकोनात येईल, मग वळली तरी फळीच्या लांबीतच वळते, बाहेर पडत नाही. आणि दुसऱ्या हाताची बोटं पिनेच्या लांबीपेक्षा चांगली लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा, यात अजिबात हयगय नको.

लांबीचं माझं गणित सोपं आहे, १२ एमएमची फळी कडेवर बसवायची तर ३० एमएम, ६ एमएमचा मागचा प्लाय असेल तर २०. हवेचं प्रेशर ७०-८० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास ठेवतो, पातळ बीडिंगला (कडेच्या लाकडी पट्टीला) कमी करतो, नाहीतर पिन पार आत घुसते.

पावसाळ्यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक म्हणजे कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, खालचा नॉब उघडून ते रोज काढायचं, नाहीतर तेच पाणी गनमध्ये जातं. दुसरं, फेविकॉल सुकायला वेळ लागतो. उन्हाळ्यात तासाभरात वस्तू उचलून ठेवता येते, पावसाळ्यात मी दुसऱ्या दिवसापर्यंत वजन टाकत नाही. सिंकखालच्या कामाला साधा फेविकॉल एसएच न वापरता पाण्यात टिकणारा फेविकॉल मरीन, प्लाय आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक) आणि पिना स्टेनलेसच्या, साध्या पिनांचा गंज पॉलिशमधून डाग होऊन वर येतो.

बाहेर आलेला फेविकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा किंवा थोडा घट्ट झाल्यावर पटाशीने खरवडा. राहिला तर तिथे पॉलिश शिरत नाही, पांढुरका चट्टा उठतो, आईच्या मसाल्याच्या रॅकवर मी म्हणून प्रत्येक कोपरा टॉर्च मारून बघितला होता. पिनेच्या भोकात फेविकॉल आणि भुसा कालवून भरतात ते रंगाच्या कामाला ठीक, पण पॉलिशच्या कामात ते ठिपके वेगळे दिसतात, तिथे पॉलिशनंतर रंग जुळणारं मेण भरलेलं बरं.

आवाजाचं म्हणाल तर गनपेक्षा कॉम्प्रेसरचा जास्त, सोसायटीत दुपारी १ ते ४ मी बंदच ठेवतो. टाकी एकदा भरली की छोटं काम तेवढ्यात होतं. देव्हाऱ्याच्या नाजूक पट्ट्यांना मात्र १८ गेजसुद्धा जाड पडतं, कधीकधी पट्टी उभी चिरते, त्यासाठी आता २३ गेजची पिन गन बघतोय.