एडीएस१११५ मॉड्यूल: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव
काटोलजवळ काकांच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा आणि तापमान मोजायला हे १६ बिटचं एडीसी (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारं) मॉड्यूल उन्हाळ्यापासून चालून राहिलंय, एक १८६५० लिथियम सेल आणि छोटं सोलर पॅनल, बस. चिप भारीच आहे. पण १६ बिट वाचून घेणाऱ्यांनो, फिल्टर आणि पॉवर नीट केली तरच ते बिट हाती लागतात, आणि ह्या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून डिझाइन करताच येत नाही.

±४.०९६ व्होल्ट रेंजला एक काउंट (रीडिंगची सगळ्यात छोटी पायरी) म्हणजे १२५ मायक्रोव्होल्ट. विहिरीवरची मोटर सुरू झाली की सेन्सरच्या लांब वायरमधून लाइटीचा ५० हर्ट्झ नॉइज आत येतोच, मग बरेच लोक इनपुटला १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर (आरसी फिल्टर) ठोकून देतात. रीडिंग शांत होतं, मान्य, पण १६ बिटपर्यंत स्थिर व्हायला साधारण ११ टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर) लागतात, म्हणजे इथे सेकंदापेक्षा जास्त, आणि तेवढा वेळ सेन्सर, कंट्रोलर सगळं जागं ठेवावं लागतं, बॅटरी तिथेच जाते. वरून नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) बंद डब्यातलं तापमान बाहेरच्या ४५ डिग्रीच्याही वर, त्यात इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचा लीकेज (गळणारा करंट) वाढतो आणि १० किलोओहमवर तो थेट एरर म्हणून दिसतो.

माझ्याकडे फक्त १ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड सिरॅमिक आहे, चिपच्या अगदी जवळ. एवढ्याने ५० हर्ट्झ थांबत नाही, आणि त्याचं ते कामच नाही. चिपचा मॉड्युलेटर (आत सिग्नलचे नमुने घेणारा भाग) २५० किलोहर्ट्झवर चालतो, त्याच्या आसपासचा नॉइज (सोलर चार्जर, बूस्ट कन्व्हर्टर हे सगळे त्यातलेच) खाली दुमडून रीडिंगमध्ये मिसळतो आणि एकदा मिसळला की तो खरा सिग्नल का नॉइज हे सॉफ्टवेअरला कळत नाही. हा छोटा आरसी तिथला नॉइज दीडशे पटीने कमी करतो. ५० हर्ट्झसाठी चिपचा स्वतःचा डिजिटल फिल्टर वापरा, सेकंदाला ८ सॅम्पल ठेवा, १२५ मिलिसेकंदांच्या सरासरीत तो विसाव्या भागाच्याही खाली जातो.

आता पॉवर. कंटिन्युअस मोडला चिप १५० मायक्रोअँपिअर खाते, सिंगल-शॉटला (एकदाच मोजायच्या मोडला) रीडिंग देऊन आपोआप झोपते. पण १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) आणि तेवढाच रेझिस्टर, म्हणजे डिव्हायडर, ३.३ व्होल्टवर कायम जोडून ठेवला तर तो एकटाच १६५ मायक्रोअँपिअर खातो, एडीसीपेक्षा जास्त! म्हणून डिव्हायडरला कंट्रोलरच्या पिनवरून पॉवर द्या, छोट्या आरसीमुळे सात मिलिसेकंदांत व्होल्टेज स्थिर होतं, मग रीडिंग घ्या, पिन बंद, आणि वायफाय त्यानंतरच चालू करा, नाहीतर त्याच्या झटक्याने सप्लाय हलतो. रेफरन्स (ज्याच्याशी तुलना करून चिप मोजते ते व्होल्टेज) चिपच्या आत आहे, त्यामुळे डिव्हायडरचा सप्लाय जरा खाली आला की तापमान बदलल्यासारखं दिसतं. चार चॅनल आहेत ना, एकावर तो सप्लायच मोजा आणि गुणोत्तर काढा, फार फरक पडतो बाप्पा. आणि ±६.१४४ रेंज निवडली म्हणून ६ व्होल्ट लावू नका, इनपुट चिपच्या सप्लायपेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त वर न्यायचंच नाही.

घेताना एक बघा, स्वस्त मॉड्यूलवर १२ बिटची एडीएस१०१५ चिप बसवलेली मिळू शकते, नाव मात्र १११५. सगळे रीडिंग १६ च्याच पटीत आले तर परत करा.

क्रेट तोलायला लोडसेल (वजनाचा सेन्सर) लावणार असाल तर हे घेऊ नका, एचएक्स७११ (लोडसेलसाठीचाच एडीसी) घ्या. १० सॅम्पलच्या रेटला तो ५० हर्ट्झ जवळजवळ पूर्णच कापतो, आणि क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त हाय ठेवली की झोपतो, त्याच्याच रेग्युलेटरवर लोडसेल असेल तर तोही सोबत बंद होतो.