एअर रायफलच्या नळीची सफाई: काय घ्यावे आणि काय दुकानातच राहू द्यावे

ठाण्यातील क्रीडासाहित्याच्या एका दुकानात एअर रायफलच्या सफाईसाठी काय मिळेल असे विचारले, तर समोर येतो तो ‘गन क्लीनिंग किट’ असे छापलेला डबा. त्यात तीन तुकड्यांची, पेचाने जोडायची सळई, पितळी तारांचा ब्रश, लोकरीचा बोळा आणि उग्र वासाच्या सॉल्व्हंटची बाटली असते. डबा देखणा आहे, विक्रेताही मोठ्या आग्रहाने तो पुढे सरकवतो. मात्र दारूगोळ्याच्या बंदुकीसाठी जुळवलेले हे साहित्य 4.5 मिलिमीटरच्या एअर रायफलसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एअर रायफलीत दारू जळत नाही, त्यामुळे काजळी आणि जळकट थर विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटला तेथे कामच नसते. नळीत साचते ते छऱ्र्यांचे शिसे, छऱ्र्यांवरचे वंगण आणि थोडी धूळ. शिवाय या नळीचे पोलाद तुलनेने मऊ असते. पितळी ब्रश पुन्हा पुन्हा फिरवल्याने नळीच्या आतील पीळदार खाचांच्या कडा झिजण्याची भीती राहते आणि जोडसळईचा एखादा सांधा नळीच्या तोंडाशी घासला, तर छर्रा जेथून सुटतो तीच कडा दुखावते. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघ्या 0.5 मिलिमीटरचा असतो, तेव्हा ही कडा सांभाळणे हे सफाईपेक्षाही महत्त्वाचे आहे. सॉल्व्हंट हवा अडवून धरणाऱ्या सीलपर्यंत झिरपले तर रबर खराब होण्याचा धोका वेगळाच.

याउलट नमद्याच्या (फेल्टच्या) सफाई गोळ्या मला मनापासून आवडल्या. जर्मनीच्या व्हीएफजी कंपनीच्या या गोळ्या छऱ्र्यासारख्या ब्रीचमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, भरून झाडता येतात, किंवा त्यांच्यासाठीच्या खास सळईला लावून नळीतून ढकलता येतात. पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबाची हवा भरून ठेवलेली रायफल असेल तर झाडण्याची पद्धत सोयीची. दोनतीन गोळ्या एकामागोमाग भरल्या की त्या नळीत नीट घट्ट बसतात. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र एकच हलकी गोळी झाडणे टाळावे, कारण पुढे पुरेसा अवरोध नसल्याने हवा दाबणारा पिस्टन जोरात आदळतो आणि त्याचा मार सील व स्प्रिंगला बसतो. पितळी तंतू मिसळलेला प्रकारही बाजारात आहे. नेहमीच्या सफाईसाठी त्याची गरज नाही.

स्प्रिंगवाल्यांसाठी सर्वांत चांगला पर्याय दोरीचा आहे, आणि तो आपल्या भागात सहज मिळतो. नळीतून ओढायच्या तयार दोऱ्या, म्हणजे पुल-थ्रू, चांगल्या असतात, पण मासेमारीची जाड तंगूस तेच काम करते. तंगूस दुहेरी करून तिची दोन्ही मोकळी टोके ब्रीचकडून ओवायची, मागे राहिलेल्या फाशात जुन्या सुती बनियनचा छोटा चौकोन अडकवायचा आणि तोंडाकडून एका दमात, सरळ रेषेत ओढून घ्यायचा. चौकोन जरा रेटूनच आत शिरावा इतका मोठा हवा. सैल गेला तर खाचांपर्यंत पोहोचत नाही आणि फार मोठा असला तर मध्येच अडकून तंगूस तुटते. पहिला तुकडा काळपट राखाडी होऊन येतो, उजेडात धरला तर त्यावर शिशाचे बारीक चकचकीत कण दिसतात. पुढचे तुकडे उजळत जातात, आणि फिकट राखाडी रंग आला की थांबावे. कापड पांढरेशुभ्र येईपर्यंत नळी घासत बसण्यात काहीच अर्थ नाही, कारण अगदी कोरड्या नळीचे पहिले काही नेम इकडेतिकडे जातात आणि शिशाचा पातळ थर पुन्हा बसल्यावरच नेम एका जागी जुळून येतात. म्हणूनच स्पर्धेच्या आदल्या रात्री सफाई काढू नये. नेम विनाकारण पसरू लागले की ती करावी.

तेलाच्या बाबतीत अधिक काटेकोर राहावे लागते. शिलाई मशीनचे किंवा कोणतेही खनिज तेल नळीत सोडले आणि ते स्प्रिंग रायफलीच्या दाबकक्षात उतरले, तर हवा दाबली जाताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते पेटते. धूर येतो, आवाज वाढतो आणि सील जळतात. पीसीपीत सुमारे 200 बार दाबाची हवा भरलेली असते, तेथे सीलजवळ असे तेल नेणे सरळ धोक्याचे. सीलसाठी शुद्ध सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब पुरतो. नळीच्या बाहेरील पोलादावर मात्र गंजरोधक तेलाचे कापड फिरवलेच पाहिजे, विशेषतः खाडीकाठच्या आपल्या पावसाळ्यात. जुलैमध्ये फोमची पेटी बंद करून रायफल आठवडाभर आत ठेवली, तर फोम ओल धरून ठेवतो आणि नळीवर तांबूस ठिपके उमटतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पेटी अधूनमधून उघडावी.

वापरलेल्या कापडावर शिसे असते, त्यामुळे ते स्वयंपाकघरातील फडक्यांत मिसळू न देता पिशवीत बांधून टाकावे आणि काम संपताच हात साबणाने धुवावेत. गोळ्या ऑनलाइन मागवताना पाकिटावरचे माप पाहावे, 4.5 आणि 5.5 मिलिमीटरची पाकिटे दिसायला जवळपास सारखीच असतात.