उसण, कायरोप्रॅक्टर आणि दोन रीम कागद: नऊ महिन्यांचा अनुभव

मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावायचं काम करते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर म्हणजे दिवाळी अंकांचा हंगाम. त्या दिवसांत खुर्चीवरून उठणं होतं ते डबा खायला, आणि कधी कधी डबाही कीबोर्डशेजारीच उघडला जातो. गेल्या ऑक्टोबरात एका अंकाची शेवटची पानं छपाईला पाठवली, पडलेलं पेनाचं टोपण उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. वर येताच येईना. सहकाऱ्यांनी दोन बाजूंनी धरून रिक्षात बसवलं.

आत्याचा फोन आला, "पायाळू माणूस गाठ, पाठीवर पाय लावून घे." आमच्या घरातला एकुलता एक पायाळू चुलतभाऊ सध्या शारजात नोकरीला आहे, त्यामुळे तो उपाय राहिलाच. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलेली दिसली. गोळ्या, दोन-तीन दिवस आराम, मग हळूहळू हालचाल. सोसायटीत मात्र "हिच्या मणक्यात गॅप आहे" अशी बातमी पसरली. हा गॅप प्रकार आपल्याकडे फार लोकप्रिय. खरं तर गादी झिजते तेव्हा दोन मणक्यांतलं अंतर कमी होतं, वाढत नाही!

तो रिपोर्ट वाचून मी आठवडाभर रडकुंडीला आले होते. नंतर फिजिओ मॅडमनी २०१५ सालच्या एका आढाव्यातले आकडे दाखवले. पाठीचा काहीही त्रास नसलेल्या लोकांचे स्कॅन पाहिले, तर गादी फुगल्याचं विशीतल्या ३० टक्के लोकांत दिसतं आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत. म्हणजे रिपोर्टात गादी बाहेर दिसली म्हणून दुखणं तिथूनच येतंय, असं धरून चालता येत नाही. मला हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर एवढी रडारड झाली नसती.

आता कायरोप्रॅक्टरबद्दल, म्हणजे हाताने झटके देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्यांबद्दल, कारण मला सगळे तेच विचारतात. नणंदेने मोबाईलवर ते कडकड आवाजाचे व्हिडिओ दाखवले आणि नोव्हेंबरात मी एका क्लिनिकमध्ये गेले. पहिल्या भेटीचे २,००० रुपये, पुढच्या प्रत्येक भेटीचे १,२००. तपासणी नीट झाली हे कबूल करायला हवं. पाय उचलून पाहिले, बोटांतली ताकद आणि बधिरपणा विचारला, एमआरआय स्वतः पाहिला. मग कुशीवर झोपवून, वरचा गुडघा पोटाशी घेऊन कमरेला एक झटका. कट्ट! हाड जागेवर बसलं, असंच वाटलं. पण तसं काही नसतं. सांध्यातला दाब एकदम कमी झाला की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडतो तेव्हाही हेच होतं.

बरं वाटलं का? हो, वाटलं. टेबलावरून उतरले तेव्हा कमर हलकी होती. पहिल्यांदा तो हलकेपणा जेमतेम दीड दिवस टिकला, तिसऱ्या वेळेनंतर चार-पाच दिवस. आता हे झटक्यामुळे की काळामुळे, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. कमरेचं असं अचानक आलेलं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप उतरतं, आणि मी गेले तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या सूचनांत औषधांआधी करून पाहायच्या उपायांत शेक आणि मसाज यांच्याबरोबर मणक्याच्या या हाताळणीचंही नाव आहे. म्हणजे हे थोतांड नाही, पण जादूही नाही.

चौथ्या भेटीत माझं आणि क्लिनिकचं बिनसलं. काउंटरवरच्या मुलीने २४ भेटींचं पॅकेज पुढे केलं, पैसे आगाऊ. वर "नियमित अ‍ॅडजस्टमेंट घेतली की प्रतिकारशक्तीही वाढते." हा दावा या पद्धतीच्या जन्मापासून तिला चिकटलेला आहे. डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावात ती सुरू केली, तीच मुळी पाठीवर उपचार करून एका माणसाचं गेलेलं ऐकू येणं परत आणल्याच्या दाव्यावर. मी पॅकेज घेतलं नाही. सुट्ट्या पैशांत आणखी तीन वेळा गेले आणि सातव्या भेटीनंतर थांबले.

मान मात्र एकदाही मोडून घेतली नाही. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचितच होतं, पण त्या पैजेत मला उतरायचं नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी आग्रह केला नाही, हे त्यांच्या बाजूचं. नवऱ्यालाही सलूनमध्ये केस कापून झाल्यावर मान मोडून घ्यायची सवय होती, तीही बंद करायला लावली. आणखी एक गोष्ट: आपल्याकडे डॉक्टर किंवा दंतवैद्यांसारखी कायरोप्रॅक्टरांची स्वतंत्र नोंदणी परिषद नाही. त्यामुळे समोरचा माणूस कुठे आणि किती वर्षं शिकला, हे संकोच न करता विचारा. दोन्ही पायांत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, जांघेच्या आतल्या भागाला स्पर्श न कळणं, यांपैकी काही असेल तर कायरोप्रॅक्टर नाही, फिजिओ नाही, थेट हॉस्पिटल.

खरा फरक पडला तो जानेवारीपासून, आणि तो फुकटात पडला म्हटलं तरी चालेल. फिजिओ मॅडमनी ऑफिसातल्या माझ्या टेबलाचा फोटो मागवला. मी पाच फुटांची, टेबल उंच. कीबोर्डपर्यंत हात पोचावेत म्हणून खुर्ची वर केलेली, त्यामुळे पाय लोंबकळायचे आणि मी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसायचे. पाठीचा टेका नावालाच. पायांखाली ए-४ कागदाची दोन न फोडलेली रीम ठेवली, कमरेमागे टॉवेलची गुंडाळी, आणि मॉनिटर उंच करायला कपाटातले शब्दकोशाचे दोन खंड. खर्च शून्य. आठवडाभरात संध्याकाळची ती ठणक निम्म्यावर आली.

दुसरी गोष्ट, दर पस्तीस मिनिटांनी मोबाईलचा गजर. उठायचं, पाणी भरून आणायचं, जिन्यापर्यंत जाऊन यायचं. मोठेपणी मणक्यातल्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आसपासच्या पेशींतून झिरपून येईल तेवढ्यावर ती जगते आणि त्याला हालचाल लागते. हे कळल्यापासून ताठ बसण्याचा अट्टहास मी सोडला. शाळेत बाई "पाठ सरळ!" म्हणून पट्टी लावायच्या, पण चार तास ताठ बसलेली पाठही आखडतेच.

व्यायाम फक्त तीन: पाठीवर झोपून कंबर उचलणं, रांगत्या स्थितीत विरुद्ध हात-पाय लांब करणं, आणि कुशीवर कोपराच्या आधाराने शरीर उचलून धरणं. बारा मिनिटं. कंटाळवाणे आहेत, खोटं कशाला बोलू. त्यापेक्षा चालणं आवडलं. ऑफिस सुटल्यावर लक्ष्मी रस्त्याने लकडी पुलावरून डेक्कनपर्यंत चालत जाते आणि तिथून बस पकडते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, ज्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला त्यांचं कंबरदुखी परत येण्याचं मधलं अंतर साधारण २०८ दिवस निघालं, इतरांचं ११२.

वाया गेलेले पैसे: खांदे मागे ओढणारा पट्टा, ७०० रुपये. अकरा दिवस वापरला, काखेत काचला, आता खुंटीवर आहे. आणि आईच्या आग्रहाने दोन महिने जमिनीवर चटई टाकून झोपले, ते पैशांत नाही पण झोपेत महाग पडलं. स्पेनमधल्या ३१३ रुग्णांवर २००३ मध्ये झालेल्या अभ्यासात टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "स्पेनमध्ये चटया कुठे मिळतात?"

आजची स्थिती अशी: फेब्रुवारीनंतर मोठी उसण नाही. एप्रिलमध्ये सासरी जाताना घाटात गाडीतून चार तास बसून आले तेव्हा दोन दिवस कंबर धरली होती, शेकाने आणि चालण्याने उतरली. कायरोप्रॅक्टरकडे पुन्हा जाईन का? फारच आखडलं तर एखाद्या वेळी, सुट्ट्या पैशांत. परवा यंदाच्या पहिल्या दिवाळी अंकाची कथा टाइप करायला आली. मालक शब्दकोशाचे खंड परत मागतायत, मुद्रितशोधनाला लागतात म्हणे. त्यांच्या जागी ठेवायला मी आणखी एक रीम मागितलंय, अजून मिळालेलं नाही.