जुन्या भेगांवर नवं डांबर: जाडी, कापड, जाळी की सामी?
जुन्या काँक्रीटवर ४०-५० मिमीचं डांबरी कार्पेट टाकलं की खालच्या स्लॅबांमधले जोड लवकरच वर भेगा होऊन उमटतात. ४.५ मीटरचा स्लॅब तापमान २० अंशांनी उतरलं की जवळपास ०.९ मिमी आखडतो. वरचा पातळ थर फाटायला तेवढं पुरतं. हा झाला आडवा खेळ. भेगेच्या कडा चाकाखाली वर-खाली होत असतील, तर दुखणं वेगळं. पावसाळ्यात भरलेला डंपर जोडावरून जाताना बघा: फटीतून गढूळ पाणी उडालं, तर स्लॅबखाली पोकळी आहे. तिथे आधी ग्राउटिंग करा, म्हणजे पातळ मिश्रण दाबाने आत भरून पोकळी बुजवा, नाहीतर स्लॅब बदला. त्याशिवाय कापड काय नि जाळी काय, नुसती मलमपट्टी.

स्लॅब पक्का असेल, तर जाडी वाढवणं पहिल्यांदा सुचतं. पण भेग वर्षाला साधारण इंचभर वर चढते असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे इंचामागे वर्षभराची सवड. शिवाय शहरात रस्ता उंचावला की पाणी दुकानांत शिरतं.

कापड, म्हणजे दोन थरांमध्ये घालायचं जिओटेक्स्टाइल, भेग अडवण्यापेक्षा पाणी अडवण्याचं काम चांगलं करतं. तेही डांबर पोटभर प्यायलं तरच. चौरस मीटरला किलोभर तरी डांबर लागतं. ठेकेदार नेहमीच्या टॅक कोटच्या, म्हणजे दोन थर चिकटवणाऱ्या पातळ फवाऱ्याच्या, हिशेबाने फवारतो, कापड कोरडं राहतं आणि वरचा थर सरकतो. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा वर पडणाऱ्या गरम डांबरी मालाच्या तापमानावर नजर हवी.

काचतंतूंच्या जाळीला ती भीती नाही आणि ताणही ती चांगला पेलते. मात्र खालचा पृष्ठभाग सपाट हवा. सुरकुती पडली की पैसे पाण्यात.

डांबरी रस्त्यावर भेगांचं जाळं पसरलं असेल तर मी सामी (SAMI), म्हणजे ताण शोषणारा मधला थर, घेईन: रबर किंवा पॉलिमर मिसळलेलं डांबर, १० चौरस मीटरला १०-१२ किलो, वर ११.२ मिमी खडी. ते ताणतं, पाणीही अडवतं. सिमेंट-ट्रीटेड बेसवरच्या (सिमेंट मिसळलेल्या पायावरच्या) भेगांसाठी आयआरसी:३७ मध्येही, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, सामीचा पर्याय आहे.

सरळ जोडांच्या काँक्रीटवर मात्र माझं मत वेगळं. भेग येणारच, मग ती आपण आखलेल्या रेषेत येऊ द्या: नव्या डांबरात जोडाच्या बरोब्बर वर काप घ्या आणि सीलंट भरा. त्यासाठी पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र) येण्याआधीच प्रत्येक जोडाची खूण दोन्हीकडच्या कर्बवर करून ठेवा. काप दोन-तीन इंच जरी चुकला, तरी शेजारी दुसरी भेग उमटते.